वाक्य कळते तेव्हा मनात काय घडते? सतराव्या शतकातील विधान-विचाराचा आढावा

प्रश्न कोणता?

मालवणच्या किनाऱ्यावर कोणी ओरडले, ‘बघ, होडी बुडता!’ तर ऐकणाऱ्याने नेमके काय बघायचे असते? होडी, की तिचे बुडणे? आणि हे शब्द कानी पडताच होडी बुडते आहे असे त्याने मानलेलेच असते, की आधी वाक्य नुसते कळते आणि ते खरे की खोटे याचा निवाडा तो मागाहून करतो? पहिला प्रश्न वाक्याच्या अर्थाच्या घडणीचा आहे. दुसरा त्या अर्थाला मन जी संमती देते तिचा आहे.

सतराव्या शतकात या दोन्ही प्रश्नांवर पॅरिस, लंडन, काशी आणि नवद्वीप येथे एकाच वेळी विचार चालू होता. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी १६६४ मध्ये झाली. त्याआधी दोन वर्षे आंत्वान आर्नो आणि प्येर निकोल यांचा ‘पोर्ट-रॉयल तर्कशास्त्र’ म्हणून ओळखला जाणारा ग्रंथ पॅरिसमध्ये निघाला होता. पायाभरणीनंतर वर्षभरात काशीत मीमांसक खंडदेव निवर्तले. त्यांचा ‘भाट्टरहस्य’ हा ग्रंथ वाक्यार्थाच्या बोधालाच वाहिलेला आहे. सिंधुदुर्ग बांधवणाऱ्या राजाला १६७४ मध्ये ज्यांनी राज्याभिषेक केला, ते गागाभट्ट आपल्याला राज्याभिषेकामुळे माहीत असतात. ते ‘भाट्टचिन्तामणि’ या मीमांसाग्रंथाचे कर्तेही होते. काशीतील त्या वादांच्या अगदी मध्यभागी वावरणारा हा विद्वान मूळच्या पैठणच्या घराण्यातला होता.

या लेखात दोन्हीकडच्या मुख्य भूमिका क्रमाने मांडल्या आहेत, त्यांचा अभ्यास आज कुठवर आला आहे ते पाहिले आहे आणि अजून न सुटलेले प्रश्न नोंदवले आहेत.

पार्श्वभूमी

युरोपातील विचारवंतांना मध्ययुगाकडून एक ठरीव विभागणी मिळाली होती. मनाचे व्यापार तीन : एखादी गोष्ट मनात आणणे, तिच्याविषयी विधान करणे आणि विधानांवरून अनुमान काढणे. पहिल्या व्यापारात कल्पना मिळतात, दुसऱ्यात त्यांची जोड किंवा तोड होते, तिसऱ्यात विधानांची साखळी तयार होते. सतराव्या शतकातील बहुतेकांनी ही विभागणी स्वीकारली. वाद राहिला तो दुसऱ्या व्यापाराच्या स्वरूपाचा.

भारतात पाया घातला तो चौदाव्या शतकातील मिथिलेच्या गंगेशाने. त्याच्या ‘तत्त्वचिन्तामणि’ने ज्ञानाच्या घडणीचे वर्णन करण्यासाठी अतिशय काटेकोर परिभाषा दिली. हीच नव्यन्यायाची परिभाषा. ‘निळी होडी’ या ज्ञानात होडी हे विशेष्य, निळा रंग हा प्रकार आणि त्या दोहोंना जोडणारा संबंध हा संसर्ग. तिन्ही मिळून एक ज्ञान होते. यातला संसर्ग कोणत्याही एका शब्दाने सांगितलेला नसतो. शब्दांची परस्परांविषयीची अपेक्षा, म्हणजे आकांक्षा, तो मनात आणते. म्हणून वाक्याचा अर्थ ही शब्दार्थांची नुसती यादी नव्हे. पुढे रघुनाथ शिरोमणीने ‘आख्यातवाद’ या छोट्या ग्रंथात क्रियापदाच्या प्रत्ययाचा अर्थ काय, हा प्रश्न धारदार केला. सतराव्या शतकात नवद्वीपच्या जगदीश आणि गदाधर यांनी त्या चर्चेला प्रौढ रूप दिले.

युरोपातील भूमिका

पहिली भूमिका देकार्तची. १६४१ च्या ‘चिंतनां’पैकी चौथ्यात त्याने बुद्धी आणि इच्छाशक्ती यांची कामे वेगळी केली. बुद्धी कल्पना समोर ठेवते, होकार किंवा नकार देते ती इच्छाशक्ती. बुद्धीची मर्यादा ओलांडून इच्छाशक्तीने घाईने होकार दिला की चूक होते. या मांडणीत समजणे आणि मानणे या दोन भिन्न क्रिया आहेत, म्हणूनच माणूस निवाडा राखून ठेवू शकतो. देकार्तची सारी संशयपद्धती या शक्यतेवर उभी आहे.

दुसरी भूमिका स्पिनोझाची, नेमकी उलट. १६७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘नीतिशास्त्रा’च्या दुसऱ्या भागाच्या शेवटी तो म्हणतो की कल्पनेत जो होकार अंगभूत असतो त्यापलीकडे वेगळा होकार नसतो. पंखांचा घोडा मनात आणणे म्हणजेच घोड्याला पंख आहेत असे म्हणणे. आपण ते मानत नाही, कारण घोड्याचे अस्तित्व नाकारणारी दुसरी, अधिक बलवान कल्पना आपल्यापाशी असते. निवाडा राखून ठेवणे ही इच्छेची कृती नसून आपली कल्पना अपुरी आहे याची जाणीव आहे.

तिसरी भूमिका पोर्ट-रॉयलची. १६६० मध्ये आर्नो आणि क्लोद लांसलो यांनी व्याकरण लिहिले, दोन वर्षांनी तर्कशास्त्र आले. निर्णय म्हणजे दोन कल्पना जोडून एकीविषयी दुसरी होकारणे किंवा नाकारणे, असे त्यांनी म्हटले. त्याहून लक्षणीय आहे तो त्यांचा क्रियापदाविषयीचा सिद्धांत : क्रियापदाचे मुख्य काम होकार दर्शवणे हे आहे. प्रत्येक क्रियापद त्यांच्या मते ‘आहे’ आणि एखादे विशेषण यांत फोडता येते. ‘होडी बुडते’ म्हणजे ‘होडी बुडणारी आहे’, आणि होकार राहतो तो ‘आहे’मध्ये. होकार दिला न जाणारी उपवाक्येही मोठ्या वाक्यात असू शकतात हे आर्नोला ठाऊक होते. कोणती उपवाक्ये बोलणाऱ्याच्या मताचा भाग असतात आणि कोणती नसतात, याचे त्याने केलेले विवेचन सूक्ष्म आहे.

चौथी भूमिका ब्रिटिश अनुभववाद्यांची. १६५५ मध्ये हॉब्जने विधान म्हणजे दोन नावांची जोडणी असे सांगितले होते. १६९० च्या निबंधात लॉकने नावांच्या जागी कल्पना आणल्या. मनातले विधान म्हणजे कल्पनांचा मेळ किंवा विरोध पाहून, किंवा तो आहे असे धरून चालून, त्यांना जोडणे अथवा वेगळे करणे. मेळ स्पष्ट दिसला तर ज्ञान, दिसल्याशिवाय गृहीत धरला तर निर्णय. संमतीला पायऱ्या असतात आणि त्या पुराव्याच्या प्रमाणात असाव्यात, हा लॉकचा आग्रह पुढच्या काळावर खोल परिणाम करून गेला. ह्यूमने १७३९ मध्ये एक पाऊल पुढे टाकले. दोन कल्पनांची जोड हे निर्णयाचे लक्षणच त्याला मान्य नव्हते. अस्तित्वाविषयीच्या विधानात एकच कल्पना असते, असे त्याने दाखवले. विश्वास म्हणजे वेगळी कृती नव्हे, तर कल्पना मनात ज्या जोमाने वसते तो जोम.

या परंपरेची एक बाजू कांटपाशी संपते. ‘शुद्ध बुद्धीच्या समीक्षे’च्या १७८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने तक्रार केली की तर्कशास्त्रज्ञ निर्णयाला दोन संकल्पनांमधला संबंध म्हणतात, पण तो संबंध कशाने बनतो हे सांगत नाहीत. त्याच्या मते निर्णयात कल्पना केवळ माझ्या मनात एकत्र येत नाहीत, त्या वस्तूविषयी एकत्र असल्याचा दावा असतो.

काशीतील भूमिका

काशीत आणि नवद्वीपला वादाचा केंद्रबिंदू वेगळा होता. वाक्यातून होणाऱ्या ज्ञानात, म्हणजे शाब्दबोधात, मुख्य विशेष्य कोणते? बाकी सारे अर्थ अखेर कोणाला येऊन चिकटतात? ‘तांडेल जाळे ओढतो’ हे वाक्य घेऊन न्याय, व्याकरण आणि मीमांसा या तीन शास्त्रांची उत्तरे पाहू.

नैयायिकांचे उत्तर : तांडेल. प्रथमा विभक्तीतल्या पदाचा अर्थ मुख्य. धातूचा अर्थ ओढण्याची क्रिया, प्रत्ययाचा अर्थ कृती, म्हणजे आंतरिक प्रयत्न. बोध होतो तो असा : जाळे ज्याचे कर्म आहे अशा ओढण्याला अनुकूल प्रयत्न ज्याच्या ठायी आहे, तो तांडेल.

वैयाकरणांचे उत्तर : ओढण्याचा व्यापार. धातू फल आणि व्यापार दोन्ही सांगतो, प्रत्यय कर्ता किंवा कर्म सांगतो. बोध असा : तांडेल ज्याचा कर्ता, जाळे ज्याचे कर्म, असा आत्ता चाललेला व्यापार. भट्टोजी दीक्षितांचा पुतण्या कौंडभट्ट याने ‘वैयाकरणभूषण’ आणि त्याचे ‘सार’ या ग्रंथांत हे मत पद्धतशीरपणे मांडले. यास्कानेही क्रियापदात भावाला प्राधान्य दिले होते, हा आधार त्यांच्यापाशी होता.

मीमांसकांचे उत्तर : भावना. ती प्रत्ययाचा अर्थ असून काही तरी घडवून आणण्याची प्रेरक प्रवृत्ती असते. कर्ता शब्दाने सांगितलेला नसतो, तो अर्थापाठोपाठ ओघाने कळतो. वेदातील विधिवाक्यांचा अर्थ लावणे हे मीमांसेचे मूळ काम. ‘काय करायचे आहे’ हे तिथे केंद्रस्थानी असते, म्हणून भावनेला मुख्य स्थान मिळणे स्वाभाविक होते. खंडदेवाने हे मत नव्यन्यायाच्या परिभाषेत इतके नेटके बसवले की प्रतिपक्षाला त्याच भाषेत उत्तर द्यावे लागले.

प्रत्येक पक्षाची बलस्थाने आणि अडचणी ठरावीक वाक्यांवर तपासल्या जात. ‘रथ जातो’ या वाक्यात रथाला प्रयत्न कुठला? ‘होडी बुडते’ यातही होडी काही प्रयत्न करत नाही. अशा ठिकाणी प्रत्ययाचा अर्थ लक्षणेने, म्हणजे गौण अर्थाने, घ्यावा लागतो, हे नैयायिकांनी मान्य केले. विरोधकांनी तिथेच बोट ठेवले. ज्या वाक्यांत प्रथमेतले पदच नसते त्यांत मुख्य कोण, हा दुसरा प्रश्न. तिथे नैयायिकांना क्रियेकडे वळावे लागते. तिसरी कसोटी सर्वांत प्रसिद्ध : ‘पाहा, हरिण धावते.’ पाहायचे ते धावणे असेल तर वैयाकरणांचे म्हणणे सहज बसते. पाहायचे ते हरिण असेल तर त्या शब्दाला द्वितीया हवी होती. नैयायिक म्हणतात की मधे ‘त्याला’ अध्याहृत आहे : हरिण धावते, त्याला पाहा. वैयाकरण विचारतात, मग एका वाक्याची दोन झाली, त्याचे काय? मालवणच्या किनाऱ्यावरच्या त्या हाकेचा प्रश्न हाच आहे. विचाराचा विषय वस्तू असतो की घटना, हे ठरवल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

वैयाकरणांतही मतभेद होते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात काशीत लिहिणारा नागेशभट्ट हा महाराष्ट्रीय पंडित, काळे आडनावाचा. कर्मणि प्रयोगात फल मुख्य होते, कर्तरीत व्यापार, असे त्याने ‘मञ्जूषे’त मांडले. कौंडभट्ट दोन्हीकडे व्यापारच मुख्य मानतो. न्यायाच्या बाजूनेही मराठी मुलखातले नाव आहे : ‘न्यायकौस्तुभ’ लिहिणारे महादेव पुणतांबेकर.

समजणे आणि मानणे

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. नव्यन्यायात देकार्तसारखी वेगळी संमतीची क्रिया नाही. ज्ञान एक तर संशय असते किंवा निश्चय. दूरवर ‘खांब की माणूस’ असे वाटते तेव्हा एकाच वस्तूवर दोन विरोधी प्रकार भासतात, तो संशय. विरोधी प्रकार नसेल तर तेच ज्ञान निश्चय असते, त्यावर आणखी शिक्का मारावा लागत नाही. इथवर हे स्पिनोझाच्या बाजूला झुकते. पण नैयायिकांनी एक अपवादही मानला : आहार्य ज्ञान. खोटे आहे हे ठाऊक असताना मुद्दाम मनात आणलेले ज्ञान, जसे तर्कात ‘इथे विस्तव नसता तर धूरही नसता’ असे धरून चालणे. इच्छेला जागा मिळाली, पण मर्यादित.

खरी कसोटी खोट्या वाक्यांची. ‘तो विस्तवाने शेत शिंपतो’ हे ऐकून काही कळते का? नैयायिक म्हणतात, शब्दांचे अर्थ आठवतात, पण विस्तवात शिंपण्याची योग्यता नाही हे ठाऊक असल्याने शाब्दबोध अडतो. वाक्यातून बोध होणे आणि ते मानणे त्यांच्या लेखी जवळजवळ एकच. नागेशाने वेगळी वाट घेतली. त्याच्या मते शब्दांचा अर्थ बुद्धीत असतो, बाहेरच्या वस्तूत असावाच लागतो असे नाही. म्हणून सशाचे शिंग किंवा वांझेचा मुलगा यांविषयीची वाक्येही कळतात. कळणे आणि मानणे यांच्यात इथे स्पष्ट अंतर पडते. काशीच्या एका वैयाकरणाने भाषेच्या बाजूने जे अंतर शोधले, तेच देकार्तने इच्छेच्या बाजूने शोधले होते.

अभ्यासाची वाटचाल

या ग्रंथांचा आधुनिक अभ्यास उभा राहिला तो हस्तलिखितांच्या शोधावर. त्यात मालवणात १८३७ मध्ये जन्मलेल्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा वाटा मोठा आहे. मुंबई इलाख्यातील संस्कृत हस्तलिखितांच्या शोधाचे त्यांचे अहवाल आजही संदर्भासाठी उघडावे लागतात. त्यांच्या नावाने १९१७ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे सरकारी हस्तलिखितांचा संग्रह आला. भांडारकरांचे समकालीन फ्रान्झ कीलहॉर्न यांनी डेक्कन कॉलेजात असताना नागेशाच्या ‘परिभाषेन्दुशेखरा’चे संपादन आणि भाषांतर केले. भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’ हा नव्यन्यायाच्या परिभाषेचा आधारग्रंथ. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली त्याची आवृत्ती १९२८ मध्ये भांडारकर संस्थेने काढली. पुढे शि. द. जोशी यांनी कौंडभट्टाच्या स्फोटविषयक प्रकरणाचे संपादन-भाषांतर १९६७ मध्ये पुण्यातून प्रसिद्ध केले, तर माधव देशपांडे यांनी नामार्थावरील प्रकरणाचे भाषांतर १९९२ मध्ये.

तात्त्विक बाजूने बिमल कृष्ण मतिलाल, जितेंद्रनाथ मोहंती, शिवजीवन भट्टाचार्य आणि अरिंदम चक्रवर्ती यांनी हे वाद आजच्या तत्त्वज्ञांपुढे ठेवले. महाराष्ट्रात या संदर्भात एक विशेष प्रयोग झाला. मे. पुं. रेगे आणि दयाकृष्ण यांच्या पुढाकाराने १९८३ मध्ये पुण्यात पारंपरिक पंडित आणि आधुनिक तत्त्वज्ञ समोरासमोर बसले. बर्ट्रंड रसेलची विधानविषयक मते पंडितांपुढे ठेवून त्यांना विचारले गेले की याविषयी न्यायाचे म्हणणे काय. त्या चर्चेचे ‘संवाद’ हे पुस्तक १९९१ मध्ये निघाले. ज्ञानाचा विषय म्हणून विधान नावाची स्वतंत्र वस्तू मानण्याची नैयायिकाला गरज आहे का, हा त्यातला मर्माचा मुद्दा होता.

युरोपच्या बाजूने चर्चेला दिशा दिली फ्रेगेने. १८७९ मध्ये त्याने विचाराचा आशय आणि त्याचे प्रतिपादन वेगळे केले. ‘होडी बुडाली तर खलाशी पोहतील’ यात होडी बुडाल्याचे कोणी प्रतिपादन करत नाही, तरी तो आशय वाक्यात आहेच. १९६५ मध्ये पीटर गीच यांनी हा मुद्दा ठाशीवपणे मांडल्यावर लॉक आणि आर्नो यांच्यावर आरोप पक्का झाला : त्यांनी विधान बनवण्याची क्रिया आणि ते मानण्याची क्रिया एकच केली, त्यामुळे प्रश्न, शंका, गृहीतक यांना त्यांच्याकडे जागा उरत नाही. अलीकडच्या अभ्यासकांत यावर एकमत नाही. डेव्हिड ओवेन यांच्यासारखे अभ्यासक लॉक आणि ह्यूम यांच्या वाचनातून ही अडचण खरी असल्याचे दाखवतात. वॉल्टर ऑट यांनी लॉकच्या भाषाविचाराची फेरमांडणी केली. जेनिफर मारुशिच यांनी २०१४ मध्ये आर्नो आणि लॉक यांच्याविषयीचा हा आरोप नव्याने तपासायला घेतला. आर्नोचे उपवाक्यांचे विवेचन आणि लॉकच्या संमतीच्या पायऱ्या पाहता आरोप सरसकट लावता येणार नाही, असे मला वाटते.

दोन परंपरांची भेट

या दोन जगांत प्रत्यक्ष दळणवळण होते का? फ्रेंच तत्त्वज्ञ गासांदीचा शिष्य फ्रान्स्वा बर्निये १६६० च्या दशकात दिल्लीत दानिशमंद खान या मोगल सरदाराकडे होता. गासांदी आणि देकार्त यांचे विचार त्याने खानासाठी फारसीत आणले. खानाकडेच त्याचा एका काशीच्या पंडिताशी दीर्घ सहवास झाला. तो पंडित म्हणजे गोदातीरचे कवींद्राचार्य सरस्वती, असे अनेक अभ्यासक मानतात. जोनार्डन गानेरी यांनी २०११ च्या ग्रंथात या भेटीला महत्त्वाचे स्थान दिले आणि १४५० ते १७०० या काळातील भारतीय तत्त्वज्ञानाला स्वतंत्र आधुनिकतेचा दर्जा मागितला. निर्णयाविषयीच्या मतांची देवाणघेवाण मात्र या भेटीतून दाखवता आलेली नाही. साम्य आहे ते प्रश्नांचे आहे, उसनवारीचे नव्हे.

अनिर्णित प्रश्न

पहिला : समजणे आणि मानणे वेगळे आहेत का? देकार्त आणि नागेश एका बाजूला, स्पिनोझा आणि बहुतांश नैयायिक दुसऱ्या बाजूला. दोन्ही बाजूंची कारणे आजही जिवंत आहेत. फ्रेगेचा मुद्दा निर्णायक मानणाऱ्यांना आहार्य ज्ञानाचा आणि बलवान कल्पनेचा पर्याय का अपुरा, हे अजून नीट दाखवावे लागेल.

दुसरा : वाक्याची एकता कशाने होते? पोर्ट-रॉयल म्हणते ‘आहे’ने, गंगेश म्हणतो संसर्गाने, मीमांसक म्हणतात भावनेने. क्रियापदात काही तरी विशेष आहे, यावर पॅरिस आणि काशीतले वैयाकरण व मीमांसक यांचे एकमत दिसते. ते विशेष म्हणजे होकार की व्यापार, इथे वाटा फुटतात.

तिसरा, आणि मराठी वाचकाला सर्वांत जवळचा : ही विश्लेषणे विचाराविषयी आहेत की संस्कृताविषयी? ‘तांडेल जाळे ओढतो’ यात प्रथमेत तांडेल आहे. ‘तांडेलाने जाळे ओढले’ यात प्रथमेत जाळे आले. काळ बदलला म्हणून मराठी माणसाच्या ज्ञानातले मुख्य विशेष्यही बदलते का? नैयायिकाचा नियम मराठीला जसाच्या तसा लावला तर बदलते. वैयाकरणाचा लावला तर व्यापाराचे स्थान सहसा ढळत नाही. त्या काळी देशभाषेतले शब्द थेट अर्थ देतात की संस्कृत शब्दाच्या द्वारे, हाही वाद होता. नैयायिकांना थेट शक्ती मान्य नव्हती, वैयाकरण ती मान्य करण्याकडे झुकले. ‘होडी बुडता’ हे मालवणी वाक्य वैयाकरणांच्या दृष्टीने स्वतःच्या बळावर अर्थ देते.

मराठी वाक्यांवर हे तीन सिद्धांत सलगपणे तपासणे हे काम माझ्या मते सर्वांत निकडीचे आहे. कौंडभट्ट, खंडदेव, नागेश यांच्या वाक्यार्थविषयक प्रकरणांची मराठी भाषांतरे आणि सोबत आर्नो व लॉक यांची संबंधित प्रकरणे एका जागी असतील, तर महाविद्यालयातला विद्यार्थीही दोन्ही परंपरा आपल्या भाषेतल्या उदाहरणांवर पारखू शकेल. तशी पारख झाल्याशिवाय या वादातले किती व्याकरणाचे आणि किती मनाचे, हे कोणत्याच बाजूला ठामपणे सांगता येणार नाही.